मनधरणीचा पंधरवडा

नीराकाठ हौशी नाट्यमंडळात पहिल्या विचारणीला कोणी हो म्हणत नसे. तसा कुठे नियम लिहिलेला नव्हता, पण जो म्हणाला त्याची किंमत गेलीच म्हणून समजा. कामासाठी जीव सगळेच टाकायचे. तरी विचारायला माणूस दारात आला की एकाला ऊसतोड आठवायची, दुसऱ्याची म्हैस व्यायला झालेली असायची, तिसऱ्याचा घसा तेवढ्यात बसायचा. मग विचारणाऱ्याने टेकायचं, चहा घ्यायचा, मागच्या वर्षी त्याचं काम कसं गाजलं ते घोळून घोळून सांगायचं आणि रिकाम्या हाताने परत जायचं. दोन-तीन खेपा झाल्या, नाकदुऱ्या काढून झाल्या, की समोरचा म्हणायचा, "बघू." बघू म्हणजे हो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मंडळातल्या प्रत्येकाला हा हिशेब ठाऊक होता.

नाकदुऱ्या काढण्याचं काम दत्तोबांकडे. पणदऱ्याचे दत्तोबा ऊस आणि गाई सांभाळून उरलेल्या वेळात नाटकं बसवत. वेळ उरत नसे, तरी बसवत. पितृपंधरवडा हा त्यांचा खास मुहूर्त. त्या दिवसांत कोणी शुभकार्य काढत नाही, म्हणून माणसं घरी सापडतात आणि घरोघरी म्हाळाची जेवणं असतात. पंगतीला बसलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं, हा त्यांचा अनुभव. जग पितरांना जेवू घालायचं आणि दत्तोबा त्या पंगतीतून नट गोळा करायचे. मग दसऱ्याला नारळ फुटायचा आणि हंगामाची नाटकं जाहीर व्हायची. एक मार्गशीर्षात बारामतीला, एक माघात इंदापूरला आणि एक चैत्रात, जत्रांसाठी.

या सगळ्या मनधरणीत अवघड घर म्हणजे वालचंदनगरच्या कॉलनीतलं संजीवनीचं. तिचा नवरा ज्ञानेश कंपनीत होता. ती सकाळी बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी नाटकातली बाई व्हायची. नाटकातली बाई असंच म्हणायला हवं, कारण मंडळाजवळ बाई एकच. नाटक निवडताना दत्तोबा गोष्ट नंतर बघायचे, आधी पुरुष किती आणि बाया किती ते बघायचे. बाया दोन निघाल्या की पुस्तक मिटलंच. एक निघाली तर ती संजीवनी. अशी ती वर्षानुवर्षं आई झाली, बहीण झाली, पाटलीण, नर्स, मास्तरीण झाली. एकदा तर एकाच नाटकात पहिल्या अंकात सासू आणि सासू वारल्यावर दुसऱ्या अंकात तिचीच सून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत लुगडं बदलताना तिचा जीव कसा मेटाकुटीला आला होता, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना कशाला कळेल.

तिचे आढेवेढे मंडळात नावाजलेले होते. दत्तोबा आले की ती आधी गुडघ्याचं सांगायची, मग बालवाडीचं, मग ज्ञानेशच्या जेवणाचे हाल, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तात्या, दमले मी. यंदा मला सोडा." दत्तोबा मान हलवायचे, पोहे संपवायचे आणि चार दिवसांनी परत यायचे. तिसऱ्या खेपेला येताना शेतातला कणसांचा वानवळा असायचा. कणसं उकडेपर्यंत तिचं बघू म्हणून झालेलं असायचं.

यंदाही ते आले. ओसरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. संजीवनीने गुडघा सांगितला, बालवाडी सांगितली. ज्ञानेशचं जेवण सांगायचा मात्र तिला कंटाळा आला. तिला बोलायचाच कंटाळा आला होता. ती नुसतं म्हणाली, "दमले मी, तात्या. यंदा मला सोडा."

दत्तोबा तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. चहा प्यायले, टोपी डोक्यावर घातली आणि गेले.

ती कपबशा उचलायला लागली. पहिली खेप झाली, असं तिने मनात धरलं.

चार दिवस गेले, आठवडा गेला. दत्तोबा आले नाहीत. गाय आजारी असेल, असं ती मनाला म्हणाली. मग म्हणाली, पाण्याची पाळी आली असेल, रात्री दारं धरून माणूस दिवसा कुठं फिरणार. सर्वपित्री झाली, घट बसले. ज्ञानेशने एकदा विचारलं, "तात्या आले नाहीत का यंदा परत?" ती म्हणाली, "येतील की." आणि मग उगाचच त्याच्यावर करवादली, गॅस बारीक का केला नाही म्हणून.

दसऱ्याला कॉलनीतल्या क्लबच्या हॉलमध्ये मंडळ जमलं. संजीवनी गेली. जाणार नव्हती, पण न जाणं म्हणजे आणखी कायतरी सांगितल्यासारखं झालं असतं. अध्यक्ष विजयसिंह, बारामतीला यांचं ट्रॅक्टरचं शोरूम, पांढऱ्या शर्टात पुढे उभे. त्यांनी नारळ फोडला, पाणी सगळ्यांच्या अंगावर शिंपडलं आणि हंगाम जाहीर केला. पहिलं नाटक 'बिनपगारी जावई'. दुसरं 'ग्रामसभा तहकूब'. तिसरं, जत्रांसाठी, 'थोरल्याची खुर्ची'.

तिन्हींत बाई नव्हती. म्हणजे नाटकांमध्ये बायका होत्या, नसून जातील कुठे. पण एकातली माहेरी गेलेली, दुसऱ्यातली पडदा वर जायच्या आधीच वारलेली, आणि तिसऱ्यातली आतल्या घरात, जिचा फक्त भांड्यांचा आवाज यायचा. असली नाटकं निवडायला दत्तोबांनी किती पुस्तकं उलथीपालथी केली असतील, देव जाणे.

"संजीवनीताईंना आपण लई राबवलं," विजयसिंह म्हणाले. "कधी विचार केला न्हाय आपण त्यांचा. यंदा दत्तोबातात्यांनी मुद्दाम अशी नाटकं काढली, की ताईंना हक्काची विश्रांती मिळावी. आन त्यांच्या सेवेबद्दल मंडळाच्या वतीनं आपण त्यांचा सत्कार करतोय."

तिला पुढे बोलावलं. खुर्चीत बसवलं. शाल घातली, नारळ हातात दिला, फुलांचा हार घातला. तो गळ्यात पडल्यावर टाळ्या झाल्या. कोणीतरी फोटो काढला. त्या फोटोत ती हसते आहे. एवढ्या वर्षांची सवय, चेहऱ्याला काय लागतं.

बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंडळाची मी ऋणी आहे." आणि बसली. काय बोलणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सोडा म्हणून तिनेच सांगितलं होतं, आणि त्यांनी सोडलं. यात कोणाची चूक काढणार. पण तिला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की घरी येताना ज्ञानेशच्या मोटारसायकलवर मागे बसून ती रडली. वारा तोंडावर होता म्हणून त्याला कळलं नाही.

आधी काही दिवस ती झोपली. खोटं कशाला बोला, झोप चांगली लागली. ज्ञानेशला संध्याकाळी तव्यावरची भाकरी मिळायला लागली आणि त्याचा चेहरा उजळला. "आराम कर की आता," तो म्हणायचा, म्हणजे मनापासून म्हणायचा. बिचारा सुखात होता.

पण दिवेलागण झाली की तिचं काही खरं नसायचं. याच वेळेला डेअरीत दूध घालून दत्तोबा यायचे, मंडळातला युवराज इंदापूरहून जीप घेऊन यायचा, हॉलच्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या जायच्या. आता ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची, टीव्हीपुढे बसायची, आणि हॉल तर दोन गल्ल्या पलीकडेच. वाऱ्याबरोबर आवाज यायचा. कोण वाक्य खातंय, कोण वेळेच्या आधी बोलतंय, ते घरात बसून तिला कळायचं. आधी ती दमायची ते दमणं निजल्यावर निघून जायचं. हे दुसरंच दमणं होतं, सकाळी उठावं तर तसंच अंगावर. बालवाडीतल्या पोरांवर ती ओरडायला लागली. पोरं तिला घाबरायला लागली, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग एका रविवारी तिने ज्ञानेशला भाकरी थापून ठेवल्या, बारामतीची एसटी धरली, तिथून दुसरी धरली आणि पणदऱ्याला दत्तोबांच्या दारात जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्यांच्या घरी विचारायला म्हणून कधी आली नव्हती. विचारायला तेच यायचे.

दत्तोबा गोठ्यात होते. तिला बघून शेणाचे हात त्यांनी बादलीत धुतले.

"वैनी, तुमी? हितं?"

"बसू का, तात्या?"

ती खाटेवर बसली. मुक्ताबाईंनी, म्हणजे दत्तोबांच्या मंडळींनी, पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन झालं. आता बोलायचं तर बोलणं येईना. नाही कसं म्हणायचं ते तिला पाठ होतं. मागायचं कसं ते कोणी शिकवलं नव्हतं.

"मला काम द्या, तात्या," ती शेवटी म्हणाली.

दत्तोबांना कळायला जरा वेळ लागला. मग ते समोरच्या पायरीवर खाली बसले.

"तुमीच म्हनाला, सोडा."

"दरवर्षी म्हणते की."

"व्हय. पर दरवर्षी तुमी म्हनायच्या तवा डोळं हासायचं तुमचं. यंदा न्हाय हासलं. गेल्या माघात इंदापूरच्या प्रयोगात मी विंगंत हुतो. उभं ऱ्हायाच्या जागी तुमी बसला. टेबल घट्ट धरलं हुतं. गाडीत तोंडाचा रंग न पुसता झोपला. माझ्या मनाला लागलं ते. म्हणलं, ही बाई खरंच दमलीय आन आपुन उगंच मागं लागतोय."

इतक्या बारकाईने या माणसाने तिच्याकडे पाहिलं होतं, आणि त्या बघण्यानेच घात केला होता.

"खरंच दमले होते," ती म्हणाली. "पण ते दरवर्षीच खरं होतं, तात्या. एकदाही खोटं बोलले नाही मी. म्हणून तर तुम्ही परत यायचं होतं."

मुक्ताबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं, पुन्यांदा जाऊन या म्हणून. पर ऐकत्यात व्हय." आणि आत गेल्या.

"आता कुठनं आनू काम?" दत्तोबा म्हणाले. "तिन्ही नाटकांची परवानगी आली. तालमी लागल्या. बाईचं पात्र न्हाय एकात."

"बाईचं नको. 'थोरल्याची खुर्ची'तला थोरला द्या मला."

"म्हातारा?"

"म्हातारा."

"लोक हसतील, वैनी."

"तुमचे चुलते मिशा काढून राणी व्हायचे, तेव्हा हसले का लोक? उलट ओटी भरायला बायका यायच्या, तुम्हीच सांगता."

दत्तोबांना हसू आलं. पण ते लगेच गेलं. थोरल्याचं काम कळंबच्या झुंबरआबांचं होतं. झुंबरआबा मंडळात सगळ्यांत वडीलधारे. संजीवनीचा बाप, सासरा, एका नाटकात नवरासुद्धा, सगळं तेच झालेले. मागच्या वर्षापासून त्यांना वाक्यं धरून ठेवता येईनात. आणि थोरला तर तिन्ही अंक बोलतो.

"पैलं पान पाठ व्हईना त्यास्नी," दत्तोबा म्हणाले. "दोनदा सांगायला गेलो, का आबा, आता ऱ्हाऊ द्या. दोनदा भाकरी खाऊन आलो. माझ्यानं तोंड उघडना. आता तुमी सांगनार असाल तर काम तुमचं. मला न्हाय व्हायचं."

म्हणजे धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंनी ऊस, तोडलेला, न तोडलेला, आणि ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉल्या. आपल्याला जे केलं तेच आपण आबांना करायला निघालोय, हे तिला कळत होतं. न कळायला ती काही लहान नव्हती. पण काम हवं होतं. ते हवंपण तिच्या पोटात बसलं होतं आणि कशानेही उठत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर ती कळंबला गेली.

आबांच्या अंगणात पेरूंचा ढीग होता. त्यांची सून रेश्मा पेरू निवडून क्रेटमध्ये भरत होती आणि मांडीवर नाटकाचं पुस्तक उघडं ठेवून एकेक वाक्य वाचत होती. आबा खाटेवर ताठ बसून ते वाक्य म्हणायचे. पहिलं म्हणायचे. दुसऱ्याशी अडखळायचे. तिसरं कुठल्या तरी जुन्याच नाटकातलं निघायचं. रेश्मा न चिडता परत वाचायची, आणि वाचता वाचता किडका पेरू बाजूला टाकायची.

"ये गं संजे," आबा म्हणाले. "बस. दत्तोबानं धाडली व्हय?"

तिला तिथेच उत्तर सापडलं असतं. व्हय म्हटलं असतं तर सगळं दत्तोबांवर गेलं असतं, आणि तिचे हात कोरडे राहिले असते. क्षणभर तिने तसा विचार केलाही.

"नाही आबा," ती म्हणाली. "माझी मी आले. थोरल्याचं काम मागायला आले."

रेश्माचा हात थांबला. आबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"माझं?"

"तुमचं. तुम्हाला पाठ होत नाही, आबा. मला होईल. मला घरात बसवत नाही, मला काम पाहिजे, आणि तेवढंच एक सुटण्यासारखं आहे. म्हणून मागते."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. किती रोखठोक बोललो आपण, म्हाताऱ्या माणसाला. पण गोड करून सांगायला जावं तर ते शाल घालण्यासारखं झालं असतं, आणि शालीखाली कसं वाटतं ते तिला माहीत होतं.

अंगणात एक कोंबडी पेरूच्या बिया टिपत फिरत होती. आबांनी तिला हाड् केलं.

"दत्तोबा दोनदा आला," ते म्हणाले. "जेवला, हवापान्याचं बोलला, गेला. मला कळत का न्हवतं? पर तोंडावर कुनी बोलंना. घरातली पन न्हाय. ही पोरगी रोज वाचती, बिचारी." त्यांनी रेश्माकडे पाहिलं. "दे तिला पुस्तक."

रेश्माने पुस्तक दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने संजीवनीकडे पाहिलं नाही. त्याचं संजीवनीला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण तिने पुस्तक घेतलं.

"मंग मी संध्याकाळचं काय करू?" आबांनी विचारलं. तक्रार नव्हती त्यात. खरोखरच विचारत होते.

"तालमीला या."

"काम न्हाय आन येऊ कशाला? पान्याचा तांब्या धरून बसायला?"

"थोरला खुर्चीतनं कसा उठतो ते मला येत नाही. ते दाखवायला या."

आबा हुं म्हणाले. मग दुसरीकडेच बघत म्हणाले, "आपसूक येनार न्हाय मी. घ्यायला येत जा. न्हाय म्हणलं तरी येत जा."

त्या दिवसापासून तालमीची गाडी कळंबवरून जायला लागली. ती जीप युवराजची. बारामतीच्या तालमी असोत की कॉलनीतल्या, संजीवनी पुढे बसायची आणि आबांच्या दारात उतरून आत जायची. आबा म्हणायचे, आज कंबर धरलीय. ती पायरीवर टेकायची. आबा म्हणायचे, पावण्याराउळ्यांचा दिवस हाय. ती रेश्माला चहा मागायची. रेश्मा आधी आधी कप आपटून ठेवायची, मग सरळ ठेवायला लागली. थोड्या वेळाने आबा भिंतीवरची टोपी काढायचे आणि पुढे होऊन जीपमध्ये बसायचे, जसं काही उशीर संजीवनीमुळेच झाला होता.

तालमीत ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे. वाक्यांचं त्यांना काही सांगता यायचं नाही, पण थोरला कसा उठतो ते त्यांनी दाखवलं. हात आधी टेकायचा नाही, म्हणाले. आधी आजूबाजूला बघायचं, कुनी बघतंय का. बघत नसलं तर टेकायचा. बघत असलं तर तसंच, दात खाऊन. संजीवनीने तसं केलं आणि दत्तोबा म्हणाले, "हां." दत्तोबांचं हां म्हणजे पुष्कळ झालं. तिचा गुडघा रोज दुखायचा, रात्री ज्ञानेश मलम चोळून द्यायचा आणि बोलणी ऐकवायचा. भाकरी परत गार झाल्या होत्या, त्याचा त्याला राग होता. ती दमायची. पण झोपली की उतरायचं.

माघ संपत आला. जत्रा जवळ आल्या. एका संध्याकाळी ती आबांच्या दारात उतरली तर रेश्मा अंगणातच उभी होती.

"दुपारपासनं पडूनच हायती," रेश्मा म्हणाली. "जेवले पन न्हाईत नीट. ताप न्हाय. काय न्हाय. नुसतं पडलेत."

संजीवनी आत गेली. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. टोपी खुंटीला होती.

"आबा, गाडी आलीय."

"आज ऱ्हाऊ दे."

एवढंच म्हणाले. कंबर नाही, पाहुणे नाहीत. आवाजात रुसवा नव्हता, लाड नव्हता, काहीच नव्हतं. संजीवनी दारात उभी राहिली. तिला तो आवाज ओळखता येईना. खरंच नको असेल तर म्हाताऱ्याला निजू द्यावं, उगाच ओढत नेणं हा जुलूम. आणि नको म्हणतायत पण खरं नसेल, तर आज आपण गेलो की उद्यापासून ही खाट आणि ही भिंत. चेहरा दिसला असता तर काही कळलं असतं, असं तिला वाटलं. मग वाटलं, दत्तोबांनी तिचा चेहरा पाहिलाच होता की. चांगला निरखून पाहिला होता.

बाहेर युवराजने हॉर्न दिला. एकदा दिला, मग पुन्हा दिला. तालीम आज बारामतीला होती, नाट्यगृहात, खऱ्या रंगमंचावर पहिल्यांदाच. तिन्ही अंक सलग व्हायचे होते, आणि थोरल्याशिवाय पडदासुद्धा उघडत नाही.

ती अंगणात गेली. "तुम्ही व्हा पुढं," तिने युवराजला सांगितलं. "तात्यांना म्हणावं, पहिला अंक कोणीतरी वाचून घ्या माझ्या जागी. आम्ही मागनं येतो."

"कशानं येनार, ताई? एसटी गेली."

"येतो आम्ही. तू जा."

जीप गेली. ती परत आत आली. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेऊन, खाली जमिनीवर बसायला लागली. बसता बसता कळ आली आणि तिच्या तोंडून आई गं निघालं, तिला नको होतं तरी.

आबांनी तोंड फिरवलं नाही. पण पाय मात्र आवरून घेतले, खाटेवर पायथ्याशी एका माणसाला बसता येईल इतके.